गाडीचा एसी सकाळी गार, दुपारी गरम. दोनदा गॅस भरला तरी तेच. काय करावं?

दादा, आधी एक विनंती, तिसऱ्यांदा गॅस भरू नका. तुम्ही लिहिलंय की आर्णीहून सकाळी निघालं की एसी झकास चालतो, दुपारी परतताना चाळीसेक मिनिटांनी गरम हवा यायला लागते, आणि गाडी अर्धा तास सावलीत लावली की आपोआप पुन्हा गार होतं. गळालेला गॅस सावलीत बसून परत येत नाही. गॅस गेला असता तर सकाळीही गार झालं नसतं.

माझ्याकडे हेच झालं होतं. मे महिन्यात आईचं डोळ्याचं ऑपरेशन करून वर्ध्याहून पांढरकवड्याला येत होतो. हिंगणघाट सोडलं, वडनेरच्या पुढे एसी गेला. बाहेर लाही लाही, आईच्या डोळ्यावर पट्टी, काच उघडावी तर धूळ. कडुनिंबाखाली वीस मिनिटं थांबलो तेव्हा सुरू झाला. त्याआधी एका गॅरेजने माझ्याकडूनही दोनदा गॅसचे पैसे घेतले होते.

शेवटी एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनने दोष दाखवला. एसी बंद पडलेला असतानाच त्याने बोनेट उघडलं, इंजिन आणि एसी चालू ठेवून. कॉम्प्रेसरची पुली पट्ट्यावर कायम फिरते, पण तिच्या तोंडावरची क्लचची प्लेट एसी सुरू असतानाच फिरते. माझी प्लेट थांबलेली होती. त्याने क्लचच्या वायरवर टेस्ट लॅम्प (करंट आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) लावला, करंट येत होता. मग लांब लाकडी काडीने प्लेट जराशी आत ढकलली, "टक्" आवाज झाला आणि प्लेट फिरायला लागली. दोन मिनिटांत आत गार हवा!

कारण असं. करंट मिळाला की क्लचची कॉइल चुंबक होऊन प्लेटला पुलीकडे ओढते. दोघींत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट असते. वर्षानुवर्षं घासून ती वाढते. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, ओढ कमी होते, आणि वाढलेली फट तिला ओलांडता येत नाही. सकाळी कॉइल थंड असते म्हणून अडचण येत नाही. आतला एक पातळ वॉशर काढून फट कमी केली, तेव्हापासून एसी चालतोय. काडीचा प्रयोग मात्र स्वतः करू नका, आणि बोनेटवर वाकताना गळ्यातला दुपट्टा आधी काढून ठेवा. पट्टा कुणाला ओळखत नाही.

प्लेट थांबली आहे आणि वायरवर करंटच येत नाही, असं निघालं तर शोध वेगळा. आधी रिले पाहा, म्हणजे क्लचला करंट सोडणारा छोटा स्विच. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असतो, अदलाबदल करून लगेच कळतं. मग कंडेन्सरचा, म्हणजे रेडिएटरपुढच्या गॅस थंड करणाऱ्या भागाचा, पंखा. एसी लावल्यावर तो फिरायलाच हवा. इंजिनच्या तापमानाचा काटा वर जातोय का तेही बघा, कारण इंजिन तापलं की बऱ्याच गाड्या एसी स्वतःच बंद करतात.

तुमच्या बाबतीत मला आणखी एक शंका आहे. दोनदा भरलेला गॅस वजन करून भरला होता का? जास्त गॅस झाला की दुपारच्या पंचेचाळीस अंशांत दाब इतका चढतो की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. किती ग्रॅम हवा ते बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. जाळीतून कंडेन्सरवर बाटलीभर पाणी मारा. दोन-तीन मिनिटांत एसी सुरू झाला तर दोष दाबाचाच आहे, असं समजायला हरकत नाही.

दाब चढायचं आपल्याकडचं दुसरं कारण म्हणजे कुटार, मळणीतला भुसा. हडंबा (मळणी यंत्र) चालू असताना वावराजवळून गाडी नेली की तुरीचं, सोयाबीनचं कुटार आणि कापसाचे तंतू कंडेन्सरच्या पात्यांत अडकून बसतात. समोरून जाळी स्वच्छ दिसते, टॉर्च लावून पाहिलं की नमद्यासारखा थर दिसतो. तो साध्या पाइपने, कमी धारेने, शक्यतो इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुवा. सर्व्हिसिंगवाल्याची जोराची धार मारली तर पाती कागदासारखी वाकतात आणि हवा कायमची अडते.

हवेचा झोतच कमी होत असेल तर डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय, केबिन फिल्टर काढून पाहा. मेच्या कोरड्या हवेत हे क्वचित होतं, पावसाळ्यात जास्त. आणि प्लेट फिरत असूनही हवा गरम, झोत मात्र पुरता असेल, तर सिस्टिममध्ये ओल शिरून एक्सपान्शन वाल्व्हवर, म्हणजे गॅस जिथून बारीक छिद्रातून आत सुटतो तिथे, गोठत असावी. तेव्हा व्हॅक्यूम करून, ओल शोषणारा ड्रायर बदलून, मोजून गॅस भरावा लागतो.

काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लच नसतो, तिथे प्लेट पाहून कळत नाही. तुमची आठ वर्षांची आहे, बहुधा असेलच. उद्या दुपारी एसी बंद पडला की लगेच, थंड व्हायच्या आत बोनेट उघडा आणि प्लेट फिरते की थांबलेली आहे एवढं इथे लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.