सिनेटचे ‘शिक्कामोर्तब’, ‘पुष्टी’ की ‘संमती’?

एका वाचकाचा प्रश्न अमेरिकेच्या सिनेटबद्दल, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाबद्दल आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये त्यांनी ‘ट्रम्प यांनी तुलसी गॅबर्ड यांची राष्ट्रीय गुप्तचर संचालकपदी नियुक्ती केली’ असे वाचले. फेब्रुवारी २०२५मध्ये ‘गॅबर्ड यांच्या नियुक्तीवर सिनेटचे शिक्कामोर्तब’ असे वाचले, आणि दुसऱ्या एका ठिकाणी ‘सिनेटकडून नियुक्तीची पुष्टी’ असे. नियुक्ती नोव्हेंबरातच झाली असेल तर फेब्रुवारीत काय झाले? आणि या दोन शब्दांतला बरोबर कोणता?

माझे मत आधीच सांगतो. दोन्ही शब्द इथे चुकतात, आणि नोव्हेंबरातली ‘नियुक्ती’ही चुकते. हवा तो शब्द ‘संमती’, आणि तो अमेरिकेच्या राज्यघटनेतच बसलेला आहे. तिच्या दुसऱ्या अनुच्छेदानुसार राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवायचे आणि सिनेटच्या सल्ल्याने व संमतीने नेमणूक करायची. म्हणजे पायऱ्या तीन: नाव सुचवणे, संमती मिळणे, नेमणूक होणे. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी गॅबर्ड यांचे नाव जाहीर झाले तेव्हा ट्रम्प निवडून आले होते, पण त्यांनी पदाची शपथ घेतलेली नव्हती. त्या दिवशी नेमणूक करणे सोडाच, सिनेटकडे रीतसर नाव पाठवण्याचाही अधिकार त्यांच्याकडे नव्हता. सिनेटचे मतदान १२ फेब्रुवारी २०२५ला झाले आणि ५२ विरुद्ध ४८ असा निकाल लागला. ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षातून मिच मॅकॉनेल यांनी विरोधात मत दिले. त्याआधी सिनेटच्या गुप्तचर समितीत तर ९ विरुद्ध ८, म्हणजे एकाच मताचा फरक होता. इतक्या काठावरच्या गोष्टीला तीन महिने आधी ‘नियुक्ती केली’ म्हणणे वाचकाची दिशाभूल करणारे आहे.

ही गल्लत मराठीत का होते, याचे कारण आपल्या राज्यव्यवहारात आहे. विधान परिषदेतल्या १२ सदस्यांना आपण ‘राज्यपालनियुक्त आमदार’ म्हणतो आणि राज्यसभेतल्या १२ जणांना ‘राष्ट्रपतीनियुक्त खासदार’. राज्यघटनेच्या भाषेत ही नामनिर्देशने आहेत, पण त्यांना सभागृहाची संमती लागत नाही. नाव निघाले की माणूस सदस्य झाला, म्हणून नामनिर्देशन आणि नियुक्ती आपल्या कानाला एकच वाटू लागली. गुप्तचर संस्थांच्या बाबतीत तर संसदेचा संबंधच येत नाही. गुप्तवार्ता विभागाचा संचालक किंवा ‘रॉ’चा प्रमुख कोण, हे मंत्रिमंडळाची नियुक्तीविषयक समिती ठरवते. संसदीय समितीपुढे उघड प्रश्नोत्तरे नाहीत, सभागृहात मोजणी नाही. जी पायरी आपल्याकडे नाही तिच्यासाठी आपल्याकडे रुळलेला शब्दही नाही, आणि बातमी लिहिणारा हाताशी असेल तो शब्द उचलतो.

त्यातला सर्वांत लाडका ‘शिक्कामोर्तब’. शब्द देखणा आहे आणि त्याचा इतिहास मला फार प्रिय आहे, म्हणूनच तो नको तिथे वापरलेला पाहवत नाही. शिवकालीन पत्रात वरच्या बाजूला शिक्का असे, ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही राजमुद्रा. पत्राचा मजकूर संपला की शेवटी लहान मुद्रा उमटे, ‘मर्यादेयं विराजते’. ती मोर्तब. पत्राची मर्यादा इथे संपली, यापुढे कोणी ओळ घुसडू नये, असा तिचा अर्थ. पेशवेकाळच्या कागदांत ‘मोर्तब सूद’ (मोर्तब झाली) असा शेराही सापडतो. मोर्तब हा शब्द अरबी ‘मुरत्तब’वरून, फारशीच्या वाटेने आला. आता लक्षात घ्या: शिक्का ज्याचा आणि मोर्तब ज्याची, हुकूमही त्याचाच. निर्णय झालेला असतो, मजकूर पुरा झालेला असतो आणि मुद्रा त्याला पक्का करते. सिनेट दुसऱ्याच्या हुकुमावर मुद्रा उमटवणारे दफ्तर नाही. ते वेगळे सत्ताकेंद्र आहे, आणि ते नाही म्हणू शकते.

अमेरिकेत खराखुरा शिक्का उमटतो, पण संमतीनंतर. सिनेटचा होकार आला की राष्ट्राध्यक्ष नेमणुकीच्या सनदेवर सही करतात आणि तिच्यावर राष्ट्राची मुद्रा लागते. १८०३चा मार्बरी विरुद्ध मॅडिसन हा प्रसिद्ध खटला अशाच सनदेवरून झाला. विल्यम मार्बरी यांच्या नावाला सिनेटची संमती मिळाली होती, राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांची सही झाली होती, मुद्राही लागली होती, फक्त कागद त्यांच्या हातात पडला नव्हता. तेव्हा ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द वापरायचाच असेल तर तो तिसऱ्या पायरीला शोभेल. दुसऱ्या पायरीवर तो लावला की सिनेटचा सगळा अधिकारच वाक्यातून गळून पडतो.

तो अधिकार किती खरा आहे ते सीआयएच्या इतिहासात दिसते. १९७५च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी जॉर्ज बुश (थोरले) यांचे नाव सुचवले, तेव्हा पक्षाचा माजी अध्यक्ष गुप्तचर संस्थेच्या डोक्यावर नको, अशी ओरड झाली. १९७६च्या निवडणुकीत बुश यांना उपाध्यक्षपदासाठी आपण घेणार नाही, असे फोर्ड यांना लिहून द्यावे लागले. त्यानंतर ६४ विरुद्ध २७ मतांनी संमती मिळाली. शिक्क्याला अटी घालता येत नाहीत. संमतीला येतात.

जीना हॅस्पेल यांचे २०१८चे प्रकरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. सीआयएचे तेव्हाचे संचालक माइक पॉम्पेओ यांना परराष्ट्रमंत्री करायचे ठरले आणि ट्रम्प यांनी त्यांच्या जागी हॅस्पेल यांचे नाव पुढे केले. तीन दशकांहून अधिक काळ त्या संस्थेत होत्या आणि पहिल्या महिला संचालक होणार होत्या. पण २००२मध्ये थायलंडमधल्या गुप्त कोठडीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तिथे अब्द अल-रहीम अल-नशिरी या कैद्याला तोंडावर पाणी ओतून गुदमरवण्यात आले होते. २००५मध्ये चौकशीच्या ९२ चित्रफिती नष्ट करण्यात आल्या. त्या आदेशाचा मसुदा हॅस्पेल यांनी आपल्या वरिष्ठांसाठी लिहिला होता. ९ मे २०१८ रोजी सिनेटच्या गुप्तचर समितीपुढे सदस्य कमला हॅरिस यांनी त्यांना विचारले की त्या पद्धती अनैतिक होत्या असे आज वाटते का. हो किंवा नाही असे सरळ उत्तर मिळाले नाही. व्हिएतनाममध्ये स्वतः छळ सोसलेले रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन आजारपणामुळे सभागृहात येऊ शकत नव्हते, तरी त्यांनी विरोध जाहीर केला. मग हॅस्पेल यांनी समितीतले प्रमुख डेमोक्रॅट मार्क वॉर्नर यांना पत्र पाठवले. तो चौकशी-कार्यक्रम सीआयएने हाती घ्यायला नको होता, असे त्यात पहिल्यांदा स्पष्ट म्हटले. वॉर्नर पाठिंब्याला आले. समितीत १० विरुद्ध ५ आणि दुसऱ्या दिवशी, १७ मेला, सभागृहात ५४ विरुद्ध ४५. सहा डेमोक्रॅट बाजूने गेले, दोन रिपब्लिकन विरोधात.

ते पत्र पुरेसे होते का, यावर माणसे आजही भांडतात. माझे स्वतःचे मत असे की ज्याने छळ पाहिला आणि थांबवला नाही, त्याच्याकडे ती संस्था सोपवायला नको होती. पण भाषेच्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. संमती मिळवण्यासाठी हॅस्पेल यांना एक वाक्य लिहावे लागले, जे सुनावणीत त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. या सगळ्या खेचाखेचीला ‘शिक्कामोर्तब’ म्हटले की तिचा मागमूस उरत नाही.

आता ‘पुष्टी’. मराठीत आपण विधानाला, वृत्ताला, आरोपाला पुष्टी देतो. म्हणजे ते खरे असल्याचा आधार देतो. दुजोरा त्याच घरातला. ‘सिनेटकडून नियुक्तीची पुष्टी’ हे वाचून मला वाटते की नेमणुकीची बातमी खरी असल्याचे सिनेटने कळवले. हा वापर हिंदी बातम्यांतून आलेला दिसतो. ‘कायम करणे’ही नको, कारण आपल्याकडे परिवीक्षेचा काळ संपला की माणूस कायम होतो. हॅस्पेल संमतीपूर्वी काही आठवडे प्रभारी संचालक होत्या हे खरे, पण तो योगायोग. ‘मंजुरी’ त्यातल्या त्यात चालेल, तरी रजा मंजूर होते, कर्ज मंजूर होते. त्यात वरचा आणि खालचा असा भाव असतो. सिनेट राष्ट्राध्यक्षाच्या वरचे नाही. बरोबरीच्याने विचारायचे आणि बरोबरीच्याने हो-नाही सांगायचे, हे ‘संमती’तच येते. मथळ्यातही तो शब्द छोटा आहे: ‘गॅबर्ड यांच्या नावाला सिनेटची संमती’.

नकाराच्या बाजूलाही असाच काटेकोरपणा हवा. १९७७मध्ये थिओडोर सोरेन्सन, १९८७मध्ये रॉबर्ट गेट्स, १९९७मध्ये अँथनी लेक यांची नावे सीआयएसाठी पुढे आली आणि सभागृहात मतदान होण्याआधीच मागे घेण्यात आली. तिथे ‘सिनेटने फेटाळले’ लिहू नये. ‘नाव मागे घेतले’ हेच बरोबर. गेट्स यांचे नाव १९९१मध्ये पुन्हा आले आणि तेव्हा संमती मिळाली. फेटाळणे म्हणजे काय ते पाहायचे तर १९८९चे जॉन टॉवर. संरक्षणमंत्रिपदासाठी त्यांच्या बाजूने ४७ आणि विरोधात ५३ मते पडली.

या वाचकाने जाता जाता ‘वादग्रस्त उमेदवार’ याबद्दलही विचारले आहे. ‘उमेदवार’ला माझी हरकत आहे, कारण त्यात लढत आणि प्रतिस्पर्धी सूचित होतात, आणि इथे नाव एकच असते. ‘नियोजित संचालक’ म्हटले तर निवड ठरल्यासारखी वाटते. ‘प्रस्तावित संचालक’ सरळ आणि पुरेसे आहे. ‘वादग्रस्त’ मात्र शक्यतो टाळावे. जमीन वादग्रस्त असते तेव्हा निदान दावा कोणाचा ते पुढे सांगतात. माणसाला हे विशेषण लावून बातमीदार मोकळा होतो आणि वाद कशाचा ते वाचकाला कळतच नाही. गॅबर्ड यांच्याबाबत वाद अमेरिकेची गोपनीय कागदपत्रे फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनवरून होता. त्याला देशद्रोही म्हणाल का, असे समितीने पुन्हा पुन्हा विचारूनही त्यांनी तसे म्हटले नाही. हॅस्पेल यांच्याबाबत तो कोठडीतल्या छळावरून आणि नष्ट केलेल्या चित्रफितींवरून होता. तेव्हा लिहावे असे: ‘कैद्यांच्या छळाशी संबंध असल्याचा आक्षेप असलेल्या, सीआयएच्या प्रस्तावित संचालक जीना हॅस्पेल यांच्या नावाला सिनेटने ५४ विरुद्ध ४५ मतांनी संमती दिली.’ वाक्य लांबले, पण त्यात आक्षेप, नाव, संस्था आणि मते सगळे आहे.