कंडरेचा 'ताण' नेमका कोणता?

प्रश्न असा : मानवी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) ओढून केलेल्या चाचणीच्या अहवालात एका ओळीत 'ताण ३० मेगापास्कल' आणि पुढच्याच ओळीत 'ताण ४ टक्के' असं छापलंय. यातलं बरोबर कोणतं?

आकडे दोन्ही बरोबर असू शकतात, चुकलाय तो शब्द. यंत्राने कंडरेला ६०० न्यूटनने ओढलं, तो ताण. छेदाचं क्षेत्रफळ २० चौरस मिलिमीटर असेल तर भागाकार ३० मेगापास्कल येतो. हे प्रतिबल, म्हणजे स्ट्रेस. खुणांमधलं ४० मिलिमीटर अंतर ४१.६ झालं, तर ४ टक्के ही विकृती, म्हणजे स्ट्रेन. तिन्हींना ताण म्हटलं की शिथिलीकरणाच्या चाचणीचं वर्णन 'ताण कायम ठेवला आणि ताण कमी होत गेला' असं होऊन बसतं. लांबी धरून ठेवली की कंडरेतलं प्रतिबल हळूहळू उतरतं, एवढंच तिथे म्हणायचं असतं.

'प्रतिबल'बद्दल तक्रार नाही. 'विकृती' मात्र इथे अडचणीची आहे. पोलादाच्या सळईला ती चालते. पण वैद्यकात विकृती म्हणजे रोग, त्यामुळे 'कंडरेत ४ टक्के विकृती' वाचून डॉक्टर भलतंच समजेल. अशा लेखनात मी सरळ 'स्ट्रेन' लिहीन, किंवा पहिल्यांदा येईल तिथे 'सापेक्ष लांबीवाढ' असा खुलासा करीन.

ही वाढ कुठे मोजली तेही लिहायला हवं. ओली कंडरा पकडीतून निसटते, म्हणून टोकं गोठवून धरणाऱ्या पकडी वापरतात. तरीही पकडींमधलं अंतर मोजलं तर थोडंफार घसरणं त्यात मिसळतं आणि स्ट्रेन फुगून येतो. मधल्या भागावर खुणा करून कॅमेऱ्याने मोजलेला आकडा जास्त भरवशाचा. शिवाय सुरुवातीला कंडरेतल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची नागमोड सरळ होत असते, त्यामुळे आलेख आधी सपाट चालतो आणि मग चढतो. शून्य लांबी, म्हणजे जिथून वाढ मोजायला सुरुवात केली ती, किती प्राथमिक भाराला धरली हे सांगितलं नाही, तर दोन अहवालांची तुलनाच होत नाही.

कंडरेचं गणिती प्रतिमान (मॉडेल) मांडताना टक्क्यांचा घोळ जास्त महागात पडतो. त्या सुरुवातीच्या वक्रासाठी घातांकी सूत्र वापरतात. त्यातला स्थिरांक ४ टक्के स्ट्रेन ०.०४ असा धरून काढलेला असताना कुणी ४ घातलं, तर घातांकच शंभरपट होतो आणि प्रतिबल अशक्य मोठं येतं.

जाता जाता, त्याच अहवालात नमुन्याला 'स्नायू' म्हटलंय, तेही बदला. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी, ९०० स्नायू आणि १६ कंडरा मोजल्या आहेत. तिथे मांस म्हणजे पेशी, आणि स्नायू हे बांधणारे तंतू. आजच्या मराठीत स्नायू म्हणजे आकुंचन पावणारं मांस. त्याला हाडाशी जोडते ती कंडरा आणि हाडाला हाड जोडतो तो अस्थिबंध.