अ‍ॅपची मदतपुस्तिका कशी लिहू?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेने यूपीआयचं अ‍ॅप सुरू केलंय, सभासदांसाठी माहितीपुस्तिका मला लिहायचीय. बरेचजण साठीच्या पुढचे आहेत. मेनूप्रमाणे एकेक भाग समजावत जाऊ का?

उत्तर : मेनूप्रमाणे नको हो! माणूस पुस्तिका उघडतो तेच काहीतरी अडल्यावर, म्हणून काउंटरवर लोक जे विचारतात तेच मथळे करा, 'पैसे कापले गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत', 'पिन विसरलो' असे. आता पैसे कापले गेले तर पहिलंच वाक्य हवं, 'लगेच पुन्हा पाठवू नका', मग व्यवहारांची यादी कुठे दिसते, 'पेंडिंग' दिसलं तर काय, 'फेल्ड' दिसलं तर काय, आणि तक्रार करताना कुठला नंबर सांगायचा, तो स्क्रीनच्या फोटोवर गोल करून दाखवा. प्रत्येक पायरीनंतर काय दिसायला हवं तेही लिहा, नाहीतर माणूस तिथेच घाबरून थांबतो.

आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही हे पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात टाका, फसवणूक झाली तर १९३० हा हेल्पलाइन नंबरही तिथेच. 'फक्त', 'अगदी सोपं' हे शब्द काढाच, अडलेल्या माणसाच्या ते मनाला लागतात. छापायच्या आधी एखाद्या आजींच्या हातात द्या नि शेजारी गप्प बसा, त्या जिथे अडतील ते वाक्य बदला.