बौद्ध देशात हे कसं घडलं, याबद्दल थोडं

'अहिंसा शिकवणाऱ्या धर्माच्या देशात, ब्रह्मदेशात म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, रोहिंग्या मुसलमानांचे असे हाल कसे झाले?' हा तुमचा प्रश्न. मी म्हणेन, धर्माकडे नंतर या, आधी लष्कराकडे बघा.

आपल्याला ब्रह्मदेश म्हटलं की टिळकांचं मंडाले आठवतं, नाहीतर रत्नागिरीचा थिबा राजा. सीमेलगतच्या डोंगरांतले शान, काचिन, चिन, करेन आपल्या गावीही नसतात. १९४७च्या फेब्रुवारीत पांगलाँग या गावी स्वातंत्र्यलढ्याचे नेते आँग सान यांनी शान, काचिन आणि चिन पुढाऱ्यांना अंतर्गत कारभारात स्वायत्तता कबूल केली. जुलैत त्यांचीच हत्या झाली. १९६२ला लष्करप्रमुख ने विन यांनी सत्ता बळकावली आणि तो शब्द बासनात गेला. पुढे लष्कराचं धोरण 'चार तोडी'चं: बंडखोरांचं अन्न, पैसा, बातम्या आणि माणसं तोडायची. म्हणजे प्रत्यक्षात गावंच उठवायची. शान लोक बहुतांशी बौद्धच, तरी त्यांचीही गावं सुटली नाहीत. २००७मध्ये भिक्खूंनी भिक्षापात्रं पालथी घालून लष्कराचं दान नाकारलं, तेव्हा मार भिक्खूंनीही खाल्ला.

रोहिंग्यांचं वेगळेपण इतकंच की १९८२च्या नागरिकत्व कायद्याने ते कागदावरूनच पुसले गेले. सरकारी यादीत १३५ जमाती, त्यात हे नाहीत. विराथूसारख्या भिक्खूंनी मुसलमानांविरुद्ध विखार पेरला, ते मी झाकणार नाही. पण जमीन आधीच नांगरलेली होती.

न्यायाचं म्हणाल तर रोहिंग्यांच्या राखाइन प्रांतातलं इन दिन गाव बघा. सप्टेंबर २०१७. एका फोटोत दहा रोहिंग्या पुरुष ओळीने गुडघ्यांवर बसवलेले, दुसऱ्यात त्यांचीच प्रेतं एका खड्ड्यात. काहींना गावातल्या बौद्धांनी तोडलं, बाकीच्यांना सैनिकांनी गोळ्या घातल्या. सात सैनिकांना दहा वर्षांची सक्तमजुरी झाली आणि वर्षाच्या आत सगळे सुटले. हे हत्याकांड शोधून काढणारे रॉयटर्स वृत्तसंस्थेचे पत्रकार वा लोन आणि क्याव सो ऊ मात्र पाचशेहून जास्त दिवस आत! मारणाऱ्यांपेक्षा लिहिणारे जास्त दिवस तुरुंगात, एवढ्यावरून तिथल्या कोर्टांची काय ती कल्पना करा. म्हणून तर आफ्रिकेतल्या गांबियाला २०१९मध्ये म्यानमारवर वंशसंहाराचा दावा घेऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जावं लागलं, आणि तिथे लष्कराची बाजू मांडायला उभ्या राहिल्या आँग सान यांच्याच कन्या, तेव्हाच्या सरकारच्या प्रमुख स्यू ची. सव्वा वर्षात त्याच लष्कराने त्यांना कैद केलं.

आणि हो, धर्माचं विचारलंत म्हणून सांगतो. ते दोन्ही पत्रकार बौद्ध. फोटो त्यांच्या हाती देणारा इन दिनचा म्हातारा, तोही बौद्धच.