पृष्ठऊर्जा टोकं बोथट करते, मग डेंड्राइटला फांद्या फुटतात कशा?

तुमची शंका रास्त आहे: पृष्ठऊर्जा म्हणजे पृष्ठभाग बनवायला लागणारी ऊर्जा, तिला पृष्ठभाग कमीत कमी हवा असतो; मग थिजणाऱ्या धातूत डेंड्राइटला, म्हणजे झाडासारख्या वाढणाऱ्या स्फटिकाला, एवढ्या फांद्या येतात कुठून?

फांद्या फुटतात उष्णतेमुळे. द्रवणांकाखाली थंड झालेल्या द्रवात स्फटिक वाढताना सुप्त उष्णता बाहेर टाकतो. पृष्ठभागावर जरासा उंचवटा आला, की त्याच्या टोकाभोवती थंड द्रव जास्त, उष्णता लवकर निघून जाते आणि टोक आणखी पुढे सरकतं. पृष्ठऊर्जा नसती तर सगळ्यात बारीक उंचवटाच सगळ्यात वेगाने वाढला असता. तिथे गिब्स-थॉमसन परिणाम आडवा येतो: टोक जितकं अणकुचीदार, तितका त्याचा द्रवणांक खाली. बऱ्याच धातूंत टोकाची त्रिज्या 1 मायक्रॉन असेल तर ही घट जेमतेम 0.2 अंश असते. 10 नॅनोमीटरला ती 20 अंशांच्या घरात जाते. म्हणजे फार बारीक टोकं टिकतच नाहीत. मुलिन्स आणि सेकेर्का या संशोधकांनी 1963-64 मध्ये ही ओढाताण गणिताने मांडली.

पण मला खरी मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. वाढत्या टोकापासून उष्णता कशी पसरते, या गणिताचं उत्तर इवान्त्सोव या संशोधकांनी 1947 मध्ये काढलं; त्यातून टोकाची त्रिज्या आणि वेग यांचा फक्त गुणाकार मिळतो. जाड-संथ की बारीक-वेगवान, हे ठरत नाही. ते ठरवते पृष्ठऊर्जेची दिशेनुसार होणारी किंचित कमी-जास्त. ती अजिबात नसेल तर टोक स्थिर न राहता दुभंगत जातं. चौपट सममिती असलेलं, म्हणजे पाव फेरा फिरवलं तरी तसंच दिसणारं, द्विमितीय उदाहरण घ्या. पृष्ठऊर्जेत 1 टक्का चढउतार असला, तर वक्रतेला होणाऱ्या विरोधात तो 15 टक्के होतो, कारण तिथे पृष्ठऊर्जेचा कोनानुसार दुसरा अवकलजही मिळवावा लागतो. या 15 टक्के चढउताराचं चिन्हही उलट असतं: पृष्ठऊर्जा जिथे सर्वांत जास्त, तिथे वक्रतेला विरोध सर्वांत कमी. म्हणून फांदी निघते ती पृष्ठऊर्जा सर्वांत जास्त असलेल्या दिशेने! हे गणित मी पहिल्यांदा वहीत सोडवलं तेव्हा चिन्ह चुकलं असं वाटून तीनदा तपासलं होतं. ॲल्युमिनियम, निकेल यांसारख्या घनीय (अणूंची मांडणी ठोकळ्यासारख्या घनाकृतीत असलेल्या) धातूंत फांद्या सहसा त्या घनाकृतीच्या कडांना समांतर धावतात, त्यामागे हेच आहे.

टोक पुढे निघून गेल्यावरही पृष्ठऊर्जा थांबत नाही. बारीक उपफांद्या विरघळतात, जाड फांद्या त्यांच्या जिवावर पोसतात आणि उपफांद्यांमधलं अंतर साधारण वेळेच्या घनमुळाप्रमाणे वाढतं. म्हणूनच ओतीव भाग कापून, सूक्ष्मदर्शकाखाली हे अंतर मोजून तो किती वेगाने थिजला याचा अंदाज बांधता येतो.