गुल्म म्हणजे गाठ की पाणथरी?

कर्नाटकातल्या खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय: आईचं पोटाचं स्कॅनिंग झालं, डॉक्टर कानडीत म्हणाले, "गुल्म दोड्डदागेद." रिपोर्टात स्प्लीन 13.5 सेंटिमीटर. घरी मराठी कोश उघडला, तर गुल्म म्हणजे पोटातला गोळा! आईच्या पोटात गाठ आहे का?

नाही हो. कानडीत गुल्म म्हणजे सरळ प्लीहा, म्हणजेच स्प्लीन, डाव्या बरगड्यांआडचा अवयव, आपली पाणथरी. ती वाढलीय, एवढंच डॉक्टर म्हणाले. गाठ, गळू किंवा पाण्याची पिशवी दिसली असती तर रिपोर्टात तिची वेगळी ओळ आली असती.

घोळ जुना आहे. आयुर्वेदात गुल्म हा रोग, पाच प्रकारांचा. मराठीनं तोच अर्थ धरला. पाणथरी वाढून पोट फुगलं तर वैद्य त्याला प्लीहोदर म्हणतात. पण म्हणून कानडीला चूक ठरवू नका. जुन्या संस्कृत अमरकोशातच आहे, 'गुल्मस्तु प्लीहा पुंसि', गुल्म म्हणजे प्लीहा, पुल्लिंगी. म्हणजे कानडीनं कोशाचा अर्थ ठेवला, आपण वैद्याचा. गंमत म्हणजे त्या 'पुंसि'नुसार प्लीहा पुल्लिंगी. मराठीत मात्र ती प्लीहा आणि ती पाणथरी. स्प्लीन हा शब्द इंग्रजीत ग्रीकमधून आला, तोही प्लीहेच्याच मुळाचा.

पाणथरी हा शब्द आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरलाय. माझी निपाणीची आजी "हिवताप मुरला की पाणथरी वाढतीया" म्हणायची आणि डाव्या बरगडीखाली बोटं रोवून बघायची. मलेरियात ती वाढते हे खरंच. पण बोटांना लागायची तर बरीच वाढावी लागते. थोडीशी वाढलेली बरगड्यांआडच लपते. तिथं स्कॅनिंग कामाला येतं. आईला उजव्या कुशीवर वळवून श्वास रोखायला लावला असेल, तो बरगड्यांच्या फटीतून ती नीट दिसावी म्हणून. मोठ्या माणसात साधारण 12 सेंटिमीटरपर्यंत लांबी नेहमीची धरतात, उंच माणसात थोडी जास्तही. ती का वाढली हे मात्र नुसत्या चित्रावरून बहुधा कळत नाही. त्यासाठी रक्त तपासावं लागतं. ते डॉक्टरांना विचारा, मी शब्दांपुरता.

आणि दुसरं मत घ्यायला कोल्हापूरला जाणार असाल तर या स्कॅनिंगला तिथं 'सोनोग्राफी' म्हणा. नुसतं 'स्कॅनिंग' म्हटलंत तर सीटी स्कॅनची फिल्म मागतील.