आयबीएमने चालता कॉम्प्युटरचा धंदा विकून सर्व्हिस आणि चिप्सच्या मागे लागणं ही चूक नव्हती का?

‘चालता’ कुणी सांगितलं तुम्हाला? धंदा मोठा होता, हाताला काही लागत नव्हतं.

डिसेंबर २००४ मध्ये आयबीएमने पीसीचा धंदा लेनोव्हो या चिनी कंपनीला विकल्याची बातमी आली, तेव्हा पुण्यात तपकीर गल्लीत आमचं असेंबल्ड मशीनचं दुकान होतं. दादा गल्ल्यावर, मी मागे स्क्रू ड्रायव्हर घेऊन. दादाने पेपर माझ्यापुढे टाकला, “बघ, एवढी मोठी कंपनी बुडाली.” मी म्हटलं, बुडाली नाही, सुटली.

कारण आमचंच गणित समोर होतं. पंचवीस हजारांच्या मशीनमागे सातशे सुटायचे, तेही गिऱ्हाइकाने स्पीकर फुकट मागितले नाहीत तर. मलई इंटेलकडे (विंडोजबद्दल न बोललेलं बरं). आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीतसुद्धा प्रोसेसर इंटेलचा आणि डॉस मायक्रोसॉफ्टची. नाव कितीही मोठं असो, पीसीपुरते तेही आमच्यासारखे असेंबलरच.

त्याच आठवड्यात एका सीएच्या ऑफिसातून फोन आला, मशीन चालू होत नाही, नुसतं पीं पीं वाजतंय. गेलो, रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर घासलं, फुंकर मारली, खट् करून बसवली. चालू. तीनशे मागितले. साहेब म्हणाले, “रबर तर घासलंत!” पण सकाळपासून दोन पोरं हातावर हात ठेवून बसलेली त्यांना दिसत होती. पैसे दिले आणि वर विचारलं, बारा मशीनचं वर्षाचं काय घ्याल?

दादा म्हणाला, “आपण दुकानदार आहोत, मेकॅनिक नाही.” मी एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, घेतली. घरात दीड महिना अबोला.

आयबीएमला ही अक्कल आधीच आली होती, अर्थात फटका खाऊन. १९९३ मध्ये सुमारे आठशे कोटी डॉलरचा तोटा झाला, गर्स्टनर नवे प्रमुख म्हणून आले आणि गाडी सर्व्हिसकडे वळली. २००२ मध्ये पीडब्ल्यूसी या हिशेब तपासणाऱ्या कंपनीचा कन्सल्टिंगचा धंदा साडेतीनशे कोटी डॉलरना घेतला. चिप्सचं म्हणाल तर एक्सबॉक्स ३६०, प्लेस्टेशन ३ आणि वी हे गेम खेळायचे खोके, तिघं बाजारात एकमेकांच्या जिवावर उठलेले, पण तिघांच्याही पोटात आयबीएमच्या पॉवर घराण्यातला प्रोसेसर. खोका कुणाचाही खपो, यांचा वाटा ठरलेला.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर खाली कुणीतरी लिहीलच. कॉम्प्युटर विकणं त्यांनी पूर्ण सोडलेलं नाही, मेनफ्रेम, म्हणजे बँकाबिंका वापरतात ते अवाढव्य कॉम्प्युटर, अजून विकतात. चिप्सही कायम पुरल्या नाहीत. २०१४ मध्ये चिपचे कारखाने ग्लोबलफाउंड्रीज या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या गळ्यात मारताना पदरचे दीडशे कोटी डॉलर द्यायचं कबूल करावं लागलं. सर्व्हिसचाही मोठा तुकडा २०२१ मध्ये किंड्रिल नावाने वेगळा काढला.

तुमचं दुकान असेल तर माझं ऐका, एएमसी घ्या, पण पार्ट्सचे पैसे वेगळे लिहून घ्या. पहिल्या वर्षी मी लिहिलं नव्हतं आणि चार मदरबोर्डांचे कपॅसिटर फुगले.

आणि दादा, तू वाचत असशील तर, ते दीडशे कोटी चिपच्या कारखान्यांचे होते, एएमसीचे नाही.